किनारास्नेही कुटुंब

वजनमापे खात्यात अठरा वर्षं काढल्यावर निरीक्षकांचा एका गोष्टीवर पक्का विश्वास बसला होता. ज्यावर शिक्का नाही, ते खरं नाही. वाण्याचा तराजू असो, पेट्रोल पंपाचं माप असो की दुधाचं लिटरचं भांडं असो, ते आधी शिक्का बघत आणि मग वस्तू. त्यामुळे मुलांना घेऊन आठ दिवस बेटावर जायचं ठरलं, तेव्हा किनारा निवडायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं.

बेटाला सात किनारे होते. निरीक्षकांनी सातांचाही तक्ता केला. पाण्याची खोली, लाटांची उंची, सावलीचे तास आणि स्वच्छतागृहाचं अंतर. हे शेवटचं अंतर त्यांनी मीटरमध्ये न मांडता पाच वर्षांच्या मुलाच्या पावलांत मांडलं होतं, कारण धाकट्या ढब्बूला ‘लागली’ म्हटल्यापासून किती पावलं धीर धरवतो, हे त्यांनी घरच्या गॅलरीत घड्याळ लावून मोजलं होतं. त्यांची पत्नी शाळेत भूगोल शिकवायची. तिला सगळे बाई म्हणत, निरीक्षकही. बाईंना फोटोतला तिसरा किनारा आवडला होता. तिथली नारळाची झाडं पाण्यावर छान वाकली होती. निरीक्षकांनी विचारलं की ती झाडं कोणाच्या परवानगीनं वाकली आहेत. शेवटी चौथा किनारा ठरला. त्याच्या माहितीखाली किनारा प्रमाणन कार्यालयाचा गोल निळा शिक्का होता आणि शिक्क्यात लिहिलं होतं, ‘कुटुंबस्नेही’.

पहिल्या दिवशी सकाळी चौघंही टॉवेल, बादली, फावडं आणि ढब्बूच्या कमरेभोवती फुगवलेलं टायर अशा सरंजामासह फाटकाशी पोचली. नऊ वर्षांची ताई सगळ्यांत पुढे होती. पहारेकऱ्यानं नम्रपणे हात आडवा धरला.

“किनारा कुटुंबस्नेही आहे, साहेब. कुटुंब किनारास्नेही आहे का?”

निरीक्षक हसले. पहारेकरी हसला नाही. त्यानं समोरच्या पिवळ्या इमारतीकडे बोट दाखवलं.

इमारतीत पंख्याखाली लाकडी बाकं होती आणि बाकांवर पोहण्याच्या कपड्यांतली कुटुंबं हातात फायली धरून बसली होती. एका मुलीच्या टायरमधली हवा वाट पाहून पाहून निघून गेली होती. खिडकीतल्या मॅडमनी निरीक्षकांना सगळं शांतपणे समजावलं. पूर्वी कुणालाही आत सोडत. मग लोक चटई कुठे पसरायची यावरून भांडत, क्रीम कोण विसरलं याचा पंचनामा करत, मुलांवर ओरडत आणि जाताना तक्रारवहीत ‘मजा आली नाही’ असं लिहून जात. कार्यालयानं चौकशी केली. वाळू तपासली, पाणी तपासलं, वारासुद्धा तपासला. सगळं नियमात निघालं. दोष कुटुंबांत होता. तेव्हापासून किनाऱ्याचा दर्जा टिकावा म्हणून कुटुंब तपासूनच आत सोडत.

निरीक्षकांना ही पद्धत मनापासून पटली. तराजूचं एकच पारडं बघून भागत नाही, असं ते बाईंना म्हणालेसुद्धा.

“अहो, समुद्र तिकडे आहे,” बाई म्हणाल्या, “आणि आपण इथे बसलोय.”

पहिली चाचणी लेखी होती. चौघांना चार टेबलांवर बसवलं. मुलीचा आवडता खेळ कोणता, या प्रश्नापुढे निरीक्षकांनी ‘बुद्धिबळ’ लिहिलं. ताईनं तो खेळ सोडून दोन वर्षं झाली होती. मुलाच्या जवळच्या मित्राचं नाव या रकान्यात त्यांनी ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं, कारण खात्यात रकाना मोकळा सोडलेला चालत नसे. सगळे मिळून शेवटचं कधी हसलात, हा प्रश्न सर्वांना होता. बाईंनी आणि ताईनं छत्री वाऱ्यानं उलटी झाली तो दिवस लिहिला. ढब्बूला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं उलटी छत्री काढली; छत्रीखाली तीन माणसं होती. निरीक्षकांनी लिहिलं, ‘वेळोवेळी’.

दुसरी चाचणी दुसऱ्या दिवशी झाली. एका खोलीत ढीगभर वाळू ओतली होती, पाण्याचा एक टब होता आणि भिंतीला निळा रंग दिला होता. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून लाटांचा आवाज येत होता. चाळीस मिनिटं मनमोकळं वागायचं, अशी लेखी सूचना दारावर होती. काचेपलीकडे एक अधिकारी हातात घड्याळ घेऊन बसला होता. एवढ्या वेळात ढब्बू एकोणीस वेळा ‘बाबा, बघ’ म्हणाला. निरीक्षकांनी तीन वेळा बघितलं, आणि त्यातल्या एका वेळी ते खरं तर घड्याळाकडे बघत होते. फोन त्यांनी अकरा वेळा काढला. ‘नको’ हा शब्द सव्वीस वेळा उच्चारला. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी चिमूटभर वाळू बोटांत चोळून तिची प्रत ठरवली, ती गोष्ट मात्र अधिकाऱ्याच्या रकान्यांत कुठेच बसली नाही.

संध्याकाळी निकाल लागला. बाई पात्र. ताई पात्र. ढब्बू विशेष गुणवत्तेसह पात्र. वडील: विचलन बेचाळीस टक्के, अनुज्ञेय मर्यादा पाच.

निरीक्षकांनी आजवर अर्ध्या टक्क्याच्या फरकासाठी काटे जप्त केले होते. तरी त्यांनी धीर करून त्या अधिकाऱ्याचं घड्याळ तपासायला मागितलं. मॅडमनी ते लगेच आणून दिलं. घड्याळावर शिक्का होता, चालू वर्षाचा. निरीक्षकांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि गपचूप परत केलं.

“यात मुलांचा काय दोष?” मॅडम म्हणाल्या. “त्यांचं नुकसान कार्यालय होऊ देत नाही. आम्ही प्रमाणित वडील देतो. नऊ ते पाच, मध्ये तासभर जेवणाची सुटी.”

“म्हणजे माझ्याबरोबर?”

“तुमच्या जागी.”

प्रमाणित वडील क्रमांक सोळा हा पोट सुटलेला, अर्ध्या चड्डीतला माणूस होता. पूर्वी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तो ढब्बूसमोर उकिडवा बसला आणि या बादलीत काय काय मावतं, असं त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं. ढब्बूनं जरा विचार करून मासे, किल्ला आणि ताई अशी यादी दिली. सोळा म्हणाला, ताईला बसवून बघावं लागेल. दोन मिनिटांत ढब्बूचा हात त्याच्या हातात होता. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्या नको म्हणाल्या असत्या, आणि निरीक्षकांनाही ते दिसत होतं. पण पोरं दोन दिवस पोहण्याच्या कपड्यांत कोरडीच बाकावर बसली होती. निरीक्षकांनी ना हरकत पत्रावर सही केली, तारीख घातली आणि सवयीनं खाली दोन रेघाही ओढल्या.

नापास झालेल्यांसाठी कुंपणाबाहेर ‘अपात्र पालक कक्ष’ होता. वर पत्रा, खाली खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीपाशी चार्जिंगची सोय. पंधरा-वीस बाप आणि तीन आया तिथे बसलेल्या होत्या. कुणाची कुणाशी ओळख नव्हती आणि कुणाचीच तक्रार नव्हती. निरीक्षक मात्र जाळीला नाक लावून उभे राहिले. आत पोरांनी सोळाला गळ्यापर्यंत वाळूत पुरलं होतं. मग ताई त्याच्या डोक्याशी बसून दोन्ही हात हलवत काहीतरी सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. गेल्या कित्येक महिन्यांत ती निरीक्षकांशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पासवर्ड काय आहे’ यापलीकडे बोलली नव्हती. ती काय म्हणते आहे ते ऐकू येण्याची काही सोय आहे का, असं त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं. पहारेकरी म्हणाला, इथून फक्त दिसतं.

त्या रात्री निरीक्षक नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पालक प्रशिक्षण वर्गात नाव घातलं.

वर्ग तीन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी ‘बघणे’ शिकवलं. शिक्षक मूल होऊन एक शिंपला दाखवत, आणि तो दहा मिनिटं बघावा लागे. पुढच्या तासाला तोच शिंपला पुन्हा दाखवत, आणि तोही पहिल्यांदाच बघतोय असा बघावा लागे. दुसऱ्या दिवशी कारण न विचारता खड्डा खणायचा सराव झाला. ‘नको’चा रोजचा कोटा बाराचा होता; तो जपून वापरायला शिकवलं. एक धिप्पाड गृहस्थ, धंद्यानं ठेकेदार, हा खड्डा कशासाठी, असं विचारून दोनदा वर्गाबाहेर गेले. निरीक्षक मुळातले अभ्यासू. ते रात्री आरशासमोर शिंपला धरून बसत. ढब्बूनं दाराआडून हे बघितलं आणि त्याला आत यायचं होतं, पण बाबांची परीक्षा आहे म्हणून बाईंनी त्याला झोपायला नेलं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी निरीक्षक वर्गात पहिले आले. त्यांच्या मनगटावर गोल निळा शिक्का उमटवला गेला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर शिक्के मारणाऱ्या माणसावर पहिल्यांदा कुणीतरी शिक्का मारला होता.

सातव्या दिवशी नऊच्या ठोक्याला ते खिडकीशी हजर झाले. मॅडमनी नोंदवही उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. निरीक्षकांच्या कुटुंबाला वडील देऊन झाले होते. एका कुटुंबाला एक वडील. बदल हवा तर कुटुंबाचा अर्ज, क्रमांक सोळाची लेखी संमती आणि पंधरा दिवसांची मुदत. निरीक्षकांची सुटी उद्या संपत होती. पण पास झालेला बाप नुसता बसवून ठेवणंही नियमात बसत नव्हतं, कारण बापांचा तुटवडा होता. तेव्हा त्यांना क्रमांक एकेचाळीस देऊन दुसऱ्या एका कुटुंबाकडे लावण्यात आलं. आई होती, चार वर्षांची मुलगी होती, आणि मुलीचे वडील कक्षात चार्जिंगला बसले होते.

अशा रीतीनं निरीक्षक अखेर किनाऱ्यावर पोचले. आणि खोटं कशाला बोला, त्यांनी कमाल केली. त्यांनी भरतीचं पाणी आत घेणारा वीस फुटांचा कालवा खणला. त्या मुलीनं दिवसभरात दोनशेवर वेळा ‘बघा’ म्हटलं असेल. ते दर वेळी बघत होते. दुपारी एका लाटेनं त्यांना उलटंपालटं केलं, तेव्हा कुणीतरी खो-खो हसलं. ते आपणच आहोत हे त्यांना जरा उशिरा कळलं.

तीस पावलांवर त्यांचं स्वतःचं कुटुंब होतं. कालवा बघून ढब्बू बादली घेऊन पळत आला आणि काठाशी थबकला.

“बाबा, तुला खणता येतं?”

निरीक्षकांच्या हातातलं फावडं थांबलं. त्यांना त्याला उचलून पाण्यात बसवायचं होतं. पण नेमून दिलेल्या मुलावरून लक्ष ढळलं तर शिक्का रद्द होतो, हे कलम त्यांना पाठ होतं, आणि टेहळणीच्या मचाणावर अधिकारी होता.

“मी आत्ता ड्यूटीवर आहे, राजा,” ते म्हणाले. “पाचनंतर ये.”

तिकडून सोळानं हाक मारली, तसा ढब्बू गेला.

पाचला भोंगा झाला. निरीक्षक खोलीवर आले, अंगाला चिकटलेल्या वाळूसकट पलंगावर आडवे झाले आणि त्यांनी आठ तासांनी फोन उघडला. ढब्बू ठरल्या वेळी बादली घेऊन आला. निरीक्षक म्हणाले, “आता नको रे. सकाळपासून खणतोय.”

बाई दारात उभ्या होत्या. बादली त्यांनीच ढब्बूच्या हातातून घेतली.

निघायच्या दिवशी कार्यालयात हिशेब मिटवायला गेले तेव्हा मॅडमनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं. त्या मुलीच्या आईनं पाचपैकी पाच तारे दिले होते, आणि शेऱ्यात ‘असा बाप मिळायला भाग्य लागतं’ असं लिहिलं होतं. निरीक्षकांनी शेरा दोनदा वाचला. मग मनगट पुढे करून विचारलं की हा शिक्का घरी चालेल ना.

“नाही हो. फाटक ते भरतीची रेघ, एवढ्यातच वैध.”

“मग घरी कोणता लागतो?”

“घरी काहीच लागत नाही,” मॅडम म्हणाल्या. “घरी कुणीही चालतं. म्हणून तर इथे इतकी गर्दी असते.”

परतीच्या बोटीत त्यांना खिडकीशी जागा मिळाली. ताई कानात गाणी लावून झोपली होती. कार्यालयानं निरोपादाखल ‘मुलांकडे लक्ष कसे द्यावे’ अशी एक पुस्तिका दिली होती, आणि निरीक्षक ती पेन घेऊन वाचत होते. मजकूर फार चांगला होता. इतक्यात बाहेर पाण्यातून काहीतरी मोठं, चकचकीत उसळून वर आलं, आणि ढब्बू त्यांच्या बाहीला लोंबकळला. निरीक्षकांनी पुस्तिकेवरून नजर न काढता एक बोट वर केलं. एवढं पान होऊ दे.

ढब्बूनं बाही सोडली. वाचत बसलेल्या मोठ्या माणसाला मध्ये उठवायचं नसतं, एवढं वळण आपल्याकडे प्रत्येक घरात मुलांना असतं. तुमच्याही घरात असणारच. नाहीतर तुम्ही इथवर एका दमात पोचला नसता.