दिगूअण्णांचा चौथा सीझन

शहागंजातल्या आपल्या दुकानात पत्र्याची पेटी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दिगूअण्णा आधी माफियाची मालिका ऐकवतात. गोळीबार आला की समोरच्या पेटीचं झाकण दाणकन आपटतात. लेकीच्या लग्नासाठी पेटी बघायला आलेली बाई दचकून शेजारच्या दुकानात जाते. जावंच तिनं. तिथं निदान पेटी मिळते.

माझं वह्या-पेनांचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे मला सुटका नाही. "इषय लई खोल हाय, सर," ही त्यांची सुरुवात. "पहिल्या सीझनमधी नुसती भूक. दुसऱ्यात दहशत. तिसऱ्यात खुर्ची. मानूस तोच, पर नियत बदलत जाती." वाक्य बरं आहे, पण माणसानं ते किती दिवस चघळावं? हिंदीत डब केलेली मालिका बघायची आणि आव असा आणायचा, जणू ती यांनीच लिहिली!

चौथ्या सीझनचं विचारलं की मात्र "त्यो फुसका हाय" म्हणून उडवून लावायचे. मला संशय आला. निव्वळ यांची खोड मोडायला मी पाचही सीझन पाहिले. चौथाच सगळ्यात जबरदस्त निघाला. काल सकाळी तडक जाऊन विचारलं, "अण्णा, खरं सांगा. चौथा तुम्ही पाहिलेलाच नाही ना?"

मला वाटलं, चिडतील. त्यांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं.

"पहिला भाग पाह्यला. धाकटा भाऊ थोरल्याच्या खुर्चीत बसतो, तिथंच बंद केलं, फुडं बघितलंच नाय. दुकानातल्या लक्ष्मीपूजनाला पाटावर थोरल्यानं बसायचं, आमच्या बाच्या वक्तापासून. एका वर्षी दादा यायच्या आत म्याच बसलो. दादा दारातूनच माघारी फिरला. आता पिशोरला ऱ्हातो. सहा वर्सं झाली, बोलणं नाय."

या माणसाची मी गल्लीभर टिंगल केली होती. लाज वाटली.

"तुम्ही तर समदं पाह्यलंय," ते म्हणाले. "धाकटा बोलावतो का त्याला परत?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की जमलं नाही. "बोलावतो," मी म्हणालो. "शेवटच्या भागात. पण तोवर थोरला गेलेला असतो."

अण्णा उठले. गिऱ्हाईक दारात उभं असताना त्यांनी शटर खाली ओढलं.

"आमचा दादा हाय अजून," ते म्हणाले. "पिशोरची गाडी आत्ता मिळंल का हो, सर?"