जेवून माप घेणारा सुदाम मिस्त्री

आर्णीत सुदाम मिस्त्रीकडून जेवणाचा टेबल करून घ्यायचा असेल, तर आधी त्याला जेवू घालावं लागतं. टेप आणि पेन्सिल नंतर. तो येतो, पायावर पाणी घेतो, ताटावर बसतो आणि घरची माणसं कशी जेवतात ते पाहत राहतो. पाहतो म्हणजे टक लावून. घरात नवी सून असली तर तिला घास गिळवत नाही. बोटं चाटून झाली, की मग निकाल देतो. टेबल गोल का लांब, पाय चार का मधात एकच खांब, सगळं तोच ठरवतो. कोणी मोबाइलवर फोटो दाखवला तर म्हणतो, "टेबल चांगला हाय. पण याच्यावर कोणी जेवते का? फुलंच ठेवून राह्यले."

मी चौथी शिकलेला, तोंडाचा फाटका माणूस. पण सुदामपुढे मी संत. बसस्टँडमागच्या एका दुकानदाराला आठ खुर्च्यांचा टेबल पाहिजे होता, सागवानी, खाली सिंहाचे पंजे. सुदाम त्याच्याकडे जेवला. वरण इतकं पातळ, की वाटीचा तळ दिसे. आणखी पोळी घ्या, असं कोणी म्हटलं नाही. हात धुऊन सुदाम म्हणाला, "शेटजी, चारचाच करा. तुमच्या घरी पाचवा माणूस दुसऱ्या खेपेले येणार नाही." शेटजींनी टेबल दुसरीकडून केला. त्यावर आता कपड्यांच्या घड्या असतात, हे सुदाम स्वतःच गावभर सांगतो.

एक मास्तर-मास्तरीण होते. त्यांना लांबलचक टेबल पाहिजे होता, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. सुदामला दिसलं, की जेवणभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मीठ लागलं तरी भिंतीला सांगत. त्याने टेबल इतका अरुंद केला, की गुडघ्याला गुडघा लागे. महिन्याभरात दोघं बोलायला लागले. गुडघ्यांवरून भांडले, पण बोलले.

आता माझं. बायको जाऊन दीड वर्ष झालं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. गेली. ती होती तोवर आम्ही स्वयंपाकघरात खाली पाट टाकून जेवत होतो. मग माझे गुडघे गेले आणि डॉक्टर म्हणाला, खाली बसायचं नाही. तेव्हापासून मी ओट्यापाशी उभ्यानं खायला लागलो. खायला लागलो म्हणजे चहात टोस्ट बुडवायला लागलो. घोडं जन्मभर उभंच खातं, त्याचं काय वाकडं झालं?

पण पोरगा पुण्याहून आला, माझ्या गळ्याची हाडं पाहिली आणि निर्वाणीचं बोलून गेला. टेबल घ्या, बसून जेवा. दिवाळीला येईन, तोवर अंगावर मांस दिसलं नाही तर सामान बांधून पुण्याला नेईन. तो राहतो चौदाव्या मजल्यावर. तिथं मी शिव्या कोणाला देऊ? लिफ्टला?

मग त्यानं टेबलांचे सतरा फोटो पाठवले. मी ते न पाहताच सुदामकडे गेलो आणि म्हटलं, एका माणसाचा टेबल कर, भिंतीला लावून.

"एका माणसाचा टेबल नसते, दादा. त्याले स्टूल म्हणते," सुदाम म्हणाला. "जेवून पाह्यतो आधी."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला हजर. घरात टोस्टशिवाय काही नाही. आता पाहुण्याच्या ताटात टोस्ट वाढला, तर बायको वरून चप्पल फेकेल. वरणभात लावला. तोही करपला. मोठ्या पेटीवर दोन ताटं मांडली, दोन्ही बाजूंना दोन डबे बसायला. सुदाम हात बांधून बसून राहिला. म्हणे, घरधन्यानं घास घेतल्याबिगर मी घेत नाही. झक मारत जेवलो. तोही जेवला आणि म्हणाला, "भातानं समजत नाही. भात माणूस वाकून खाते. उद्या भाकर पाह्यजे."

माझी पहिली भाकर तव्यावरून उतरेना, खुरप्यानं काढली. ती खाऊन सुदाम म्हणाला, रस्सा पाह्याचा राह्यला, रस्सा सांडला तर टेबलाले कड ठेवा लागन. रस्सा झाला. मग म्हणे, डावा हात कुठं ठेवता ते ध्यानात आलं नाही. असे तीन आठवडे गेले. मी वांग्याची भाजी शिकलो, झुणका शिकलो, पायजम्याची नाडी सैल करायला लागलो. बाजारात मात्र सगळ्यांना सांगत होतो, की फुकट्या माझ्या घरी चरून राह्यला.

एकदा तोंडावरच म्हटलं, "अबे, दिवाळी आली. माप घेऊन राह्यला का पोट भरून राह्यला?"

"टेबल जन्माचा असते, दादा. घाई कराची नाही."

"माह्या जन्म उरला कितीक?"

"तेच पाहून राह्यलो," म्हणाला, आणि आणखी भाकर घेतली.

मग एक दिवस आलाच नाही. मी बेसनाच्या पातोड्या केल्या होत्या, रस्सा थंड झाला. डोकं सरकलं. तसाच त्याच्या घरी गेलो. ओसरीत त्याची बायको तूर निवडत होती. ती म्हणाली, "आज नाई येत ते. पोट धरून निजले. दादा, राग नका मानू, पण त्याईले थोडं कमी वाढत जा."

मी म्हटलं, कमी कसं वाढू, मागते तेवढं देतो.

"पहाटंपासून कामावर असतेत, साडेदहालेच घरी जेवण होते त्याईचं. चाळीस वर्षाची सवय. त्याच्यावर बाराले तुमच्याकडे."

तिच्या मागं भिंतीशी चादर टाकलेला टेबल होता. गोल, सागवानी, चौघं बसतील असा. मी विचारलं, हा कोणाचा?

"तुमचाच. पंधरा दिवस झाले होऊन. मी म्हटलं, देऊन द्या न. तं म्हणतेत, टेबल पोचवला का माह्यं जाणं बंद. माह्यं जाणं बंद झालं का दादाचा गॅस बंद."

मी तिला म्हटलं, मी आलतो हे त्याले सांगू नको.

दुसऱ्या दिवशी सुदाम बाराला आला, चेहरा उतरलेला. मी त्याच्या ताटात अर्धीच भाकर वाढली.

"काहून, पीठ संपलं का?"

"चूप जेव. आता काय पाह्याचं राह्यलं?"

त्यानं भाकरीचा घास मोडला, माझ्या ताटाकडं पाहिलं आणि म्हणाला, "जेवून उठता कसे, ते."

"पाह्य मंग," मी म्हटलं. "सावकाश पाह्य."