पूल बांधण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

जगातलं कोणतंही बांधकाम कधी ना कधी कोसळू शकतं. कोसळत नाही ती फक्त बांधकामाची पूर्वतयारी. ज्या कार्यालयाला हे उमगलं, त्याची प्रगती कुणी रोखू शकत नाही आणि कुणाला दिसतही नाही.

बांधकाम कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला हे अजून पुरतं उमगलं नव्हतं. (नोकरीला फक्त एकोणीस वर्षं झाली होती.) त्याच्या टेबलावर एक साधं काम आलं होतं. ओढ्यावर बारा पावलांचा पूल बांधायचा. ओढ्यापलीकडे शाळा होती, तिथं त्याची थोरली बहीण मुख्याध्यापिका होती आणि अलीकडची एकेचाळीस मुलं रोज पाण्याच्या मोठ्या पाइपावरून तोल सांभाळत शाळेत जात होती. वर्षभरात सहा मुलं पडली. चौघांना ताईनं स्वतः पाण्यात उतरून बाहेर काढलं. (उरलेली दोन आपली आपण बाहेर आली, असं अहवालात कौतुकानं नमूद आहे.)

पुलाला मंजुरी मिळाली. आता काम द्यायचं कोणत्या मार्गानं, एवढंच ठरायचं होतं. मार्ग तीन होते. पहिल्यात आराखडा एकानं काढायचा आणि पूल दुसऱ्यानं बांधायचा, म्हणजे पूल पडल्यावर दोघांना एकमेकांकडे बोट दाखवता येतं. दुसऱ्यात आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे. तो बिचारा एकटा, त्यामुळे तो कार्यालयाकडे बोट दाखवणार हे उघड होतं. तिसऱ्यात एक व्यवस्थापक नेमून कामाचे तुकडे दहा जणांत वाटायचे. यात बोटं इतकी होतात की कुणाचं कुणाकडे आहे ते कळत नाही, आणि जाणकारांच्या मते हाच या मार्गाचा मोठा गुण आहे.

निवड घाईत होऊ नये म्हणून मार्ग-निवड समिती बसली. समितीनं शंभर गुणांचा तक्ता केला. वेगाला पाच गुण, दर्जाला पाच, खर्चाला दहा आणि जबाबदारीपासूनच्या अंतराला ऐंशी. तिन्ही मार्गांना सारखेच गुण पडले. (समितीचे अध्यक्ष, म्हणजे कार्यालयाचे मोठे साहेब, कुणाचंच मन मोडत नसत.) तेव्हा सल्लागार नेमायचं ठरलं. सल्लागार नेमण्याचेही मार्ग तीनच निघाले.

दोन वर्षांत बेचाळीस बैठका झाल्या. त्रेचाळिसाव्या बैठकीला खुर्च्या मावेनात. मोठ्या साहेबांनी बाजारातल्या गवंड्याला बोलावलं, ओढ्याच्या काठावर बोटानं जागा दाखवली आणि म्हणाले, "इथं समितीसाठी एक खोली उभी कर." अकराव्या दिवशी खोली उभी राहिली, पंख्यासकट.

"साहेब, ही कोणत्या मार्गानं झाली?" अभियंत्यानं भीतभीतच विचारलं.

"अहो, ही तातडीची होती," साहेब म्हणाले.

खोलीला मोठी खिडकी होती. तिच्यातून पाइप आणि त्यावरून जाणारी मुलं स्पष्ट दिसत, त्यामुळे कामाची निकड सदस्यांच्या कायम डोळ्यांसमोर राहिली.

एक दिवस ताई अर्ज घेऊन तिथं आली. भिंतीवरून हात फिरवत तिनं भावाला विचारलं, "हे किती दिवसांत बांधलं रे?"

"अकरा."

"आणि बांधलं कुणी?"

"गवंड्यानं."

"बरं," एवढंच म्हणून ताई अर्ज न देता परत फिरली. पालकांनी जुने लोखंडी गर्डर आणले, फळ्या आणल्या, गवंडी आला. नवव्या दिवशी पूल झाला. अभियंत्यानं एका रविवारी गुपचूप त्यावर वाळूची पोती रचून पाहिली. पूल तसूभरही हलला नाही. पुढच्या पाच महिन्यांत एकही मूल पडलं नाही.

कार्यालयाची मात्र झोप उडाली. पूल होता, पण तो कोणत्याही मार्गानं झालेला नव्हता. असा पूल नियमानुसार अतिक्रमण ठरतो. तो पाडायचं ठरलं. (पाडण्याचा मार्ग एकाच बैठकीत, सर्वानुमते निश्चित झाला.) पाडण्यावर तीस दिवसांत हरकती मागवल्या. एक जरी लेखी हरकत आली, तरी चौकशी लागणार होती, आणि या कार्यालयात चौकशी लागली म्हणजे पूल पुढची वीस वर्षं सुरक्षित. फक्त पूल बांधणारे, त्यांचे नातेवाईक आणि कर्मचारी यांची हरकत धरली जाणार नव्हती.

नोटीस अभियंत्यालाच डकवावी लागली. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. मग तो रोज सकाळ-संध्याकाळ हरकतींची वही घेऊन पुलाच्या तोंडाशी बसू लागला.

"झकास पूल आहे हो! पाडणार म्हणे? छे छे, कुणीतरी बोलायला हवं," येणारे-जाणारे म्हणत.

"मग लिहा ना दोन ओळी."

"आमचं नाव कशाला मध्ये? एवढी माणसं आहेत, लिहितीलच की."

एकोणतीस दिवसांत पुलावरून अकरा हजार फेऱ्या झाल्या. संताप व्यक्त करणारे शंभर टक्के. वहीत नोंद एक. (पेनाची शाई फिकट असल्याबद्दल.)

त्या संध्याकाळी ताई शाळा सुटल्यावर भावाशेजारी येऊन बसली. तिनं वही चाळली आणि मिटून त्याच्या मांडीवर ठेवली.

"उद्या शेवटचा दिवस ना?"

"हो."

"पोरांची पाइपावरून चालायची सवय मोडलीय रे," ती म्हणाली.

वही उद्या सायंकाळी साडेपाचपर्यंत उघडी आहे. आपण कर्मचारी नाही, नातेवाईक तर नाहीच नाही, म्हणजे आपली हरकत नियमात बसते. आपण इथवर वाचलंत, चुकचुकलात आणि कुणीतरी लिहील असं मनाशी म्हणालात, हे कार्यालयाला ठाऊक आहे. चुकचुकणाऱ्यांची संख्या लक्षात घेऊनच मुदत तीस दिवसांची ठेवली होती.