परबची हरवलेली माणसं

परब सकाळी ऑफिसात आला की डबासुद्धा न ठेवता थेट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा.

"तो पोस्टमन गेला कुठे, सांग ना!"

कुठला पोस्टमन, हे सांगायची त्याला गरज वाटत नसे. आदल्या दिवशी वाचलेल्या कादंबरीतला. नायक-नायिकेचं लग्न, शेवटी नदीला आलेला पूर, याचं परबला काही नव्हतं. पहिल्या प्रकरणात एक पोस्टमन पाणी प्यायला ओटीवर टेकतो. पुढे लेखक त्याला विसरतो. परब विसरत नसे.

"अजून तिथेच बसलाय काय रे तो?" असं म्हणत तो माझं पेपरवेट उचलून भलत्याच टेबलावर ठेवून यायचा. त्याला एका जागी ठरताच येत नसे.

साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघं कारकून. वाचणारेही दोघंच, म्हणून हा ताप माझ्या वाट्याला. त्याचा खरा राग होता तो आत्मचरित्रांवर. "कादंबरीवाला निदान खोटी माणसं हरवतो. हे लोक खरी हरवतात, यार!" कुणा मोठ्या डॉक्टरांच्या आठवणी वाचून तर दिवसभर धुमसत होता. "बायको दोनदा येते. एकदा लग्नात, एकदा चहा घेऊन. खलास!"

त्यातच अंधेरीच्या एका वाचनालयात एका लेखिकाबाईंचा कार्यक्रम होता. बालपणाच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक आम्ही दोघांनी वाचलं होतं. मला झकास वाटलं होतं. आठवडाभर मी मनाने त्यांच्या आजोळीच राहत होतो. परबला घेऊन गेलो, ही माझी चूक.

प्रश्न विचारा म्हटल्याबरोबर हा उभा. "बाई, तुमची मावशी विहिरीवर कपडे धुते, त्यानंतर पुस्तकात नाहीच. गेली कुठे?"

लोक खो-खो हसले. मी त्याचा शर्ट ओढला. "बस ना रे, वाट लावतोस!"

बाई मात्र हसल्या नाहीत. "तिचं आमच्या घराशी बिनसलं," त्या म्हणाल्या. "आहे ती. वसईला असते. मी जात नाही."

"मग जाऊन या ना," परब म्हणाला. असा मऊ आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. हशा थांबला.

बाहेर पडल्यावर तो जोगेश्वरीच्या दिशेने भराभर चालत सुटला. मी त्याच्यामागे. चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझा धाकटा भाऊ. वसंत. गिरणीतली नोकरी सुटली, घरी बसून होता. एकदा जेवताना मी त्याला नको ते बोललो. ताटावरून उठला आणि गेला. खूप शोधला रे."

मी तसाच त्याच्याबरोबर चाळीत त्याच्या खोलीपर्यंत गेलो. खाटेवर त्याची म्हातारी आई पडून होती. तिला आता दिसत नव्हतं. पावलं वाजली तशी तिने मान वळवली.

"कोण ता? वसंत?"

परबने माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

"होय गे आये. वसंतच."

"मोठो काय बोल्लो ता मनार घेव नको हां. तसो तो वायट नाय."

"नाय गे," तिच्या पायांवरची चादर सारखी करत परब म्हणाला, "घेवक नाय मी मनार."