टॉपलकाकू पडत नाहीत

इंग्लंडात नाताळला सगळं कुटुंब मिळून एक सिनेमा पाहतं. तो असा असावा लागतो, की आजोबांना झोप यावी आणि पोरांना रडू येऊ नये. लंडनच्या एका कंपनीनं असाच एक संगीतमय चित्रपट काढायचं ठरवलं आणि त्यासाठी यॉर्कशरच्या एडिथ पोस्टगेट या बाईंकडून एक बडबडगीत घेतलं. गीत एडिथच्या आईनं रचलेलं. त्यांच्या गल्लीतली तीन पिढ्यांची पोरं ते म्हणत मोठी झाली होती.

टॉपलकाकू, टॉपलकाकू छपरावर चढल्या,
शेजाऱ्याची सफरचंदं चोरता चोरता पडल्या!
कोंबडा हसला, पाद्री हसला, हसला सारा गाव,
काकू म्हणती, "पुन्हा चढते, थांबा जरा राव!"

आई एक्याण्णव वर्षांची, चाकाच्या खुर्चीला खिळलेली, दृष्टी जवळजवळ गेलेली; कान मात्र तिखट. तिची इच्छा एकच होती. "काकू पडताना धप्प आवाज नीट येऊ दे गं," ती म्हणाली. "मोठ्या थेटरात तेवढा ऐकला, की मी जायला मोकळी." एडिथनं आईला शब्द दिला आणि ती लंडनची गाडी पकडून गेली.

पहिल्या बैठकीला निर्माते जाइल्स ऑर्मरॉड यांनी सुरक्षा अधिकारी मिस स्टॅग यांची ओळख करून दिली. मिस स्टॅग यांनी गीत दोनदा वाचलं आणि विचारलं, की सदर वृद्ध महिलेनं उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलं आहे काय? घेतलेलं नव्हतं. तेव्हा काकूंना शिरस्त्राण, कमरेला दोर आणि शिडी धरायला दोन प्रमाणित इसम मंजूर झाले; म्हणजे पडायची सोयच उरली नाही.

"तुमची काही हरकत नाही ना, एडिथबाई?" जाइल्सनी चहा ओतत विचारलं.

"छे छे, मुळीच नाही," एडिथ म्हणाली. आता याला काय म्हणावं! पण त्या देशात दुसऱ्यानं आपल्या पायावर पाय दिला तरी माफी आपणच मागायची असते, आणि एडिथला तिच्या आईनंच चांगलं वळण लावलेलं होतं.

दुसऱ्या बैठकीत चोरी निघाली. मुलांसमोर चोरीचा आदर्श नको, म्हणून शेजारीच टोपलीभर सफरचंदं काकूंच्या दारी आणून देईल असं ठरलं. मग काकूंनी छपरावर चढायचं कशाला, असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. पण छपराचा देखावा बांधून तयार होता, तेव्हा काकू हवा खायला चढतील, असा तोडगा निघाला. कोंबड्यालाही शिरस्त्राण मिळालं. "पुन्हा चढते" ही ओळ चिथावणीखोर ठरून तिच्या जागी "पुन्हा अर्ज भरते" अशी ओळ आली.

तिसऱ्या बैठकीत गावाचं हसणं गेलं. म्हाताऱ्या माणसाला हसतात का कधी? गाव आता रांगेत उभं राहून काकूंना सहानुभूती दाखवणार होतं. एडिथनं दबक्या आवाजात विचारलं, "पण त्या पडल्या नाहीत, तर सहानुभूती कशाबद्दल?"

मिस स्टॅग यांनी चष्मा काढला. "पडण्याच्या शक्यतेबद्दल," त्या म्हणाल्या.

आणि तिथल्या तिथे चित्रपटाचं मुख्य गाणं जन्माला आलं: 'पडू शकल्या असत्या काकू!' सात मिनिटं, ऐंशी नर्तक, प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण.

घरी येऊन एडिथनं धीर करून कंपनीला पत्र लिहिलं. पहिल्या तीन ओळी त्रास दिल्याबद्दल क्षमा मागण्यात गेल्या. चौथीत लिहिलं, की फारच अडचण नसेल तर काकूंना एकदा पाडावं. पत्र मिळाल्याची नोंद झाली. नोंदीत लिहिलं होतं, 'एडिथबाई समाधानी.'

डिसेंबरात लीड्समध्ये निवडक कुटुंबांसाठी खेळ ठेवला. एडिथनं आईला पुढच्या रांगेत बसवलं. म्हातारीनं मुद्दाम टोपी काढून ठेवली, कानावर येत होती म्हणून. दोन तास ती मान पुढे काढून बसली. पडद्यावर काकू शिडी चढल्या, हवा खाल्ली, शिडी उतरल्या. दिवे लागले.

"पडली की नाही गं ती?" म्हातारीनं मोठ्यानं विचारलं.

मागून एक चिमुरडा आवाज आला, "मीपण तीच वाट बघत होते." त्या पोरीच्या आईनं तिला चटकन गप्प केलं आणि कंपनीनं अभिप्रायासाठी वाटलेल्या अर्जात 'पाहताना मूल शांत होते काय?' यापुढे ठसठशीत खूण केली. सगळ्याच आईबापांनी केली. जाइल्स धावत आले, एडिथचे दोन्ही हात धरून म्हणाले, की शंभरात शंभर गुण पडले. एडिथनं त्यांचे आभार मानले. स्वतःची लाज वाटली, पण मानले.

बाहेर पायऱ्यांपाशी एडिथनं आईची खुर्ची थांबवली. एडिथला रडू येत होतं. ती म्हणाली, "माझं चुकलं, आई. मला भांडता आलं नाही." म्हातारीनं दोन्ही हात खुर्चीवर रेटले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली. तोल सावरत तिनं एक पाय पायरीवर ठेवला. चेहरा असा खुलला होता, जसा एडिथनं लहानपणीच पाहिला असेल.

"आई, खाली बस आधी! पडशील!" एडिथ ओरडली.

म्हातारीनं पाय मागे घेतला आणि मुकाट्यानं खुर्चीत बसली. एडिथनं खुर्चीचा पट्टा आवळला, शाल नीट केली.

चित्रपट त्या नाताळात तुफान चालला. एडिथचा राग आलाय ना तुम्हाला? यावाच. पण त्याआधी आपल्या घरातलं पोर आत्ता कुठं आहे, तेवढं बघून या. कोपऱ्यात मोबाइल घेऊन गप्प बसलेलं असेल, तर अर्ज आणायची गरज नाही. खूण तुमची झालेली आहे.