चार बोटं मखमल

कॉलरचा तुकडा सापडत नव्हता आणि वकीलसाहेब घरून निघालेसुद्धा होते.

मास्तर मशीनखाली वाकले, उठताना डोकं आपटलं, इस्त्रीचं टेबल सरकवलं आणि पुन्हा होतं तिथंच आणून ठेवलं. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आणि मागच्या खोलीत संसार. दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर ते सकाळपासून मागावरच्या धोट्यासारखे ये-जा करत होते. काळा कोट शिवून तयार होता. वकीलसाहेबांच्या हट्टापायी त्याच्या कॉलरला काळी मखमल लावायची होती. एका बाजूला लागली होती. दुसऱ्या बाजूचा तुकडा, जेमतेम चार बोटांचा, हवेत विरघळला होता.

"अगं, तू कुठं ठेवलास का?"

"मी ठेवला असता तर ठेवल्या जागी असता," आतून बायको म्हणाली. "तुम्ही वस्तू ठेवत नाही, सोडून देता."

एरवी काम करताना मास्तर गुणगुणत. आईकडून आलेल्या दोनच ओळी होत्या, पण मशीनच्या तालावर जन्मभर पुरल्या होत्या:

*सुई चालली पुढे, दोरा येई मागे,*
*एकाला टोचता, दुसऱ्याला लागे.*

आज सुई होती, दोरा होता, ताल मात्र कुठं हरवला होता.

"चिंध्यांच्या डब्यात बघितलंत का?" बायकोनं विचारलं. "काळं काहीतरी असेल बघा त्यात."

मास्तरांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि त्यांच्या जिवात जीव आला. वरच होता! काळा, मऊ, एका कडेला सॅटिनसारखा झुळझुळीत. त्यांनी तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून उचलला, नेहमीच्या सवयीनं पोत पारखला आणि स्वतःशीच म्हणाले, "ही मखमल गरम कशी?"

त्यावर मखमलीनं तोंड उघडलं.

मास्तर ओरडले ते कुठल्या सप्तकात, हे सांगणं कठीण. हातातून सुटलेलं ते काळं पिल्लू टेबलावरच्या कोटावर पडलं, एक पंख ओढत ओढत सरकलं आणि कॉलरच्या मोकळ्या बाजूला चिकटून बसलं. अगदी मापात. शिंप्यालाही हेवा वाटावा असं.

"वटवाघूळ!" बायको दारात थिजली. मग तिनं धुण्याची बादली उचलली आणि कोटासकट त्याच्यावर पालथी घातली. तेवढं झाल्यावर तिला शब्द सुचले. "अहो, तीस वर्षं कापड हाताळताय! कापड कुठलं आणि वटवाघूळ कुठलं, कळत नाही?"

"मला टोचलं गं काहीतरी."

"तुम्हाला रोजच टोचतं."

पण ती हसली नाही. तिनं लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून भराभरा सूचना आल्या: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पाव तास हात धुवा, वटवाघळाला मारू नका, उघड्या हातानं शिवू नका, आहे तिथंच झाकून ठेवा, प्राणी नेणाऱ्या माणसांना मी पाठवते, तुम्ही आधी इथं या.

मास्तर नळाखाली हात धरून उभे राहिले. बायकोही शेजारी उभी राहिली आणि साबण घेऊन आपलेच हात खसाखसा चोळू लागली.

"अगं, चावलंय मला."

"तुमचा धुताना माझाही धुतला जातोय. बोलू नका, चोळा."

पाव तास म्हणजे किती लांब, हे ज्याला धीर धरवत नाही त्यालाच कळतं. मास्तरांच्या मनात नको नको ते येत होतं. पिसाळलेलं जनावर चावून होणाऱ्या रोगात माणूस पाण्याला भितो, असं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून ते नळाच्या धारेकडं टक लावून पाहत होते आणि आपल्याला भीती वाटतेय की नाही हे चाचपत होते. वाटत होती. पण ती पाण्याची की मरणाची, हे ठरेना.

"पाणी प्या," बायकोनं पेला पुढं केला.

मास्तर प्यायले. घशाखाली उतरलं. दोघांनी एकदमच श्वास सोडला. मग तिनं तोच पेला पुन्हा भरला आणि उभ्या उभ्या स्वतः गटागटा रिकामा केला.

"तुला कधीपासून एवढी तहान लागायला लागली?"

"तुमच्याकडं बघून घसा कोरडा पडतो माझा."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. वकीलसाहेब आले ते घड्याळ बघतच. "मास्तर, कोट! आज मोठा दावा आहे."

"कोट तयार आहे, साहेब. फक्त..." मास्तर ओला हात झटकत म्हणाले, "आत्ता तो दुसऱ्याकडं आहे."

"दुसऱ्याकडं? माझा कोट दुसऱ्यानं अंगावर घातलाय?"

"अंगावर नाही घातला. त्याच्यावर बसलंय."

वकीलसाहेबांनी बादली बोटभर उचलली, आत डोकावले आणि ज्या हळुवारपणानं त्यांनी ती परत टेकवली, तो त्यांच्या घरच्यांनीही कधी पाहिला नसेल. मग त्यांनी जुना कोट सावरला आणि म्हणाले, "बसा गाडीत. दवाखाना वाटेवरच आहे."

गाडीत मास्तर मागं बसले, पुढं झुकले, काच खाली केली, वर केली, आणि 'काळं काहीतरी असेल' म्हणत बायकोनं डबा सुचवला तिथपासून सगळं सांगून टाकलं. बायको आपली बोटं मोजल्यासारखी एकेक दाबून पाहत होती. वकीलसाहेबांना गप्प बसण्याची सवय नव्हती.

"चावलं हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत?"

"डोळे मिटले होते मी."

"म्हणजे पुरावा नाही."

"साहेब, पुरावा सापडेपर्यंत मी राहीन का?"

यावर वकीलसाहेबांनी गाडीचा वेग वाढवला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सारला. "घाबरू नका. या रोगाची लक्षणं दिसायला लागली की मग आमच्या हातात काही उरत नाही. पण आत्ता आलात, तर सगळं हातात आहे. लस दंडात देईन, आणि एक औषध चावलेल्या जागीच टोचायचं असतं. दाखवा, कुठं चावलंय?"

मास्तरांनी दोन्ही हात पुढं केले. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. बोटं कसली, चाळणीच ती! जुनी भोकं, नवी भोकं, भोकांवर भोकं.

"यातलं कुठलं?"

"तेच तर, बाई."

"मग सगळीकडं टोचू का?"

मास्तरांचा चेहरा कोऱ्या अस्तरासारखा झाला. दिवसभर सुया खेळवणारा हा माणूस डॉक्टरांच्या सुईला लहान मुलासारखा भीत असे. ते खुर्चीतून अर्धे उठले. बायकोनं खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि त्यांचे हात आपल्या ओंजळीत घेतले.

"हा डावा सोडून द्या," ती म्हणाली. "डाव्यावर सगळी यांची स्वतःची करणी. हे कालचं, अस्तर लावतानाचं. हे माझ्याशी भांडून शिवायला बसले होते तेव्हाचं. हे, लेकीचा फ्रॉक घाईनं पुरा केला त्या दिवशीचं. उजव्या हातात सुई असते, त्याला कोण टोचणार?" तिनं उजवा अंगठा उजेडात धरला. तिथं दोन बारीक ठिपके होते, जोडीनं. "हे मात्र मला ओळखू येत नाही. हे परकं आहे."

मास्तर आपल्याच हाताकडं असे पाहत होते, जणू तो कुणीतरी त्यांना आजच वाचून दाखवला.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता बाही वर घ्या."

मास्तरांनी दुमडलेली बाही आणखी वर सारली, आणि घडीतून काहीतरी काळं लोंबलं. वकीलसाहेब दोन पावलं मागं उडाले. पण ते हललं नाही. टाचणीनं नीट टाचलेलं होतं. चार बोटं मखमल.

"हरवू नये म्हणून लावून ठेवला होता," मास्तर पुटपुटले.

"धन्य!" बायकोला सूर सापडला. "तुकडा दंडाला, आणि हे डब्यात हात घालून वटवाघळाची पारख करतायत! साहेब, सांगा तुमच्या कोर्टात, असला माणूस बघितलाय का कुणी?"

वकीलसाहेब मात्र हसत नव्हते. त्यांची उजवी भुवई वर चढली होती.

"वहिनी, डब्याला झाकण होतं?"

"होतं की. घट्ट बसतं."

"मग वटवाघूळ आत शिरलं आणि आतून झाकण लावून घेतलं?"

बायकोनं पदर सारखा केला.

"डब्यात बघा, काळं काहीतरी असेल, असं कोण म्हणालं होतं?"

नळाखाली चोळून चोळून लाल झालेले दोन हात तिनं मागं नेले. मग हळूच पुढं आणले.

"पहाटे दाराशी पडलेलं होतं," ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली, की डॉक्टरीणबाईंना वाकावं लागलं. "अंधूक होतं. मला वाटलं, यांचीच चिंधी. उचलली, डब्यात टाकली. गार होती, हलत नव्हती. चावलं वगैरे काही कळलं नाही, म्हणून म्हटलं... आणि यांना एवढं बोलून बसले होते हो मी! मग कुठल्या तोंडानं सांगणार?"

मास्तरांना तो पेला आठवला. तो साबण, ती दाबून पाहिलेली बोटं. स्वतःच्या भीतीच्या गडबडीत त्यांनी शेजारची भीती बघितलीच नव्हती.

"त्याचे दात इतके बारीक असतात की कित्येकदा कळतही नाही," डॉक्टरीणबाईंनी दुसरी सुई काढली. "लाजेखातर गप्प बसला असतात तर? बसा इथं. दोघांनाही लागेल. पुन्हाही यावं लागेल, सांगेन त्या त्या दिवशी. एकही चुकवायची नाही."

बायको बसली. तिनं हात पुढं केला. मास्तरांनी टोचून घेतलेला आपला अंगठा सांभाळत, उरलेल्या चार बोटांनी तो धरला. सुई जवळ आली तेव्हा ती डोळे मिटून बसली होती, आणि "आई गं" म्हणाले ते मास्तर.

बाहेर येताना त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं शिंप्याच्या घरात आहेस. कापड कुठलं आणि वटवाघूळ कुठलं, कळत नाही?"

"कसं कळणार? शिकवणारा कोण, ते बघा ना."

वकीलसाहेब जुन्याच कोटात कोर्टात गेले. ते आजारी वटवाघूळ प्राणीवाल्या माणसांनी जाड हातमोजे घालून तपासायला नेलं, आणि जाताना मास्तरांच्या कॉलरची शिलाई वाखाणली. दवाखान्याच्या साऱ्या वाऱ्या मास्तर आणि बायकोनं जोडीनं केल्या.

अजूनही त्या घरात काळी चिंधी कुणी हातानं उचलत नाही. मास्तर आधी लांबूनच फूटपट्टीनं तिला ढोसतात आणि थोडा वेळ थांबतात. आतून आवाज येतो:

"काय म्हणतेय?"

"गप्प आहे."

"मग शिवा."

आणि मशीन सुरू होतं.