सरकारी घोडा गेला ती वाट

श्रीमार्तंड प्रसन्न असो, घोड्यांच्या पायांस बळ असो, आणि लिहिणाराचे चित्त ठिकाणी राहो, कारण जे लिहितो ते डोळ्यांनी पाहिले आहे. शके एकोणीसशे तेहतीस, खरनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एके राज्यी घडले ते वर्तमान येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही. तेथील मीठ खाल्ले आहे.

त्या राज्यी घोड्यांनी कुंपणे उडवावी आणि लोकांनी पाहावे, हा शौक थोरामोठ्यांपासून पानवाल्यापर्यंत सर्वांस. शर्यती दोन परींच्या. एक गोल मैदानाची, हिरवळ कातरून सारखी केलेली, कुंपणे एका मापाची, घोडा सुटला तो धावतच सुटतो आणि निकाल लागतो, तीस प्रतिष्ठा फार. दुसरी रानदौड. तीत मातीचे बांध चढावे, खंदक उडवावे, ओढ्यात उतरावे, काटेरी कुंपणातून घुसावे, आणि वाट ऐसी उलटसुलट की एकच माळ पुनःपुन्हा ओलांडावा आणि दर वेळेस निराळ्या अंगाने. जागोजागी निशाणांची जोडी, तांबडे उजवे हाती ठेवावे आणि पांढरे डावे हाती, मधून न गेला तो बाद. गोल मैदानवाले तीस शर्यत म्हणत नसत, जत्रेतला खेळ म्हणत. परंतु गोल मैदानास विटलेले कित्येक जुने घोडे रानदौडीत येऊन कान टवकारीत आणि पुन्हा घोडे होत, हेही आम्ही पाहिले आहे, खोटे कशास लिहावे.

तैसाच म्हाळसाबाई शिलेदारीण यांचा कवड्या, अबलख रंगाचा, वयाने उतरलेला. गोल मैदानावर तो कुंपणापाशी येऊन उभा राही आणि लोकांकडे पाही. मग बाईंनी त्यास रानदौडीस घातले, आणि स्वतःच स्वार होऊन घातले, आणि ते जनावर असे खुलले की बाईंचे घर त्यावर चालू लागले. मग त्या साली गमाजीपंत दिवाण यांनी हुजुरास मसलत दिली की, "रानदौड हा रिकामा खटाटोप आहे. हुजूरपागेचा घोडा विजयध्वज तीत उतरवू, तो सहज जिंकेल, म्हणजे सर्वांस कळेल की वेगवान घोड्यास हे वेगळे रान लागत नाही. मग पुढील सालापासून शर्यत बंद, आणि त्या माळावर आणखी एक गोल मैदान." हुजुरांनी मान डोलाविली. बाईंस हे कळले तेव्हा त्या थेट दिवाणांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. गमाजीपंतांनी समजूत घातली की, "त्यात काय एवढे? वरातीस भाड्याने द्या. अबलख घोड्यास मागणी आहे." बाई म्हणाल्या, "पंत, फटाका वाजला की तो मांडवावरून उडी घेईल. नवऱ्यासकट." कोणी हसले, बाई हसल्या नाहीत.

आता त्या राज्यीचा एक रिवाज सांगणे अवश्य. हुजूरपागेचा घोडा शर्यतीत असता शेवटल्या ओढ्यापर्यंत कोणी त्याच्या पुढे जाऊ नये, ओढा ओलांडिल्यावर ज्याने त्याने आपले नशीब पाहावे. आणि दुसरा रिवाज, सकाळी सर्व स्वारांनी वाट पायी चालून पाहावी. विजयध्वजावर स्वार दिवाणांचे जावई मुधोजीराव. ते म्हणाले, "आम्ही मोबाईलवर नकाशा पाहिला आहे, चिखलात कोण फिरतो." आणि चहा घेत बसले. बाकीचे चालून आले.

मग नौबत झाली आणि घोडे सुटले. विजयध्वज पुढे आणि सारे मागे. कवड्या पहिल्याच खंदकापाशी थबकला, मान खाली घालून आत पाहिले, काही वेळ विचार केला, आणि मग उडी घेतली. तोवर बाकीचे टेकाडापलीकडे दिसेनासे झाले. आम्ही हुजुरांच्या शामियान्यात मोठ्या पडद्यावर पाहत होतो. माळावर एक एकटी बाभूळ आहे, तेथे वाट दोनदा येते, पहिल्या वेळेस डावीकडे वळावे आणि दुसऱ्या वेळेस उजवीकडे मोठ्या बांधाकडे. मुधोजीराव दुसऱ्या वेळेसही डावीकडे वळले. आणि मग जे पाहिले ते देवाने वैऱ्यासही दाखवू नये: त्यांच्या मागे दुसरा वळला, आणि तिसरा, आणि झाडून सारे वळले, उजवीकडे निशाणे फडफडत असता. बांध राहिला, ओढा राहिला, आणि सारे आडवाटेने येऊन पोहोचले, विजयध्वज पहिला. ताशे वाजले, पेढे वाटले. मग बऱ्याच वेळाने कवड्या एकटाच ओढ्यातून भिजून दुडकत आला, आणि पंच हात जोडून हुजुरांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, वाट पुरी केली ती एवढ्या एकानेच." पेढा तोंडात होता त्याने तो गिळिला नाही.

हुजुरांनी स्वारांस विचारिले, "सकाळी चालून आलात, मग वाट ठाऊक नव्हती?" त्यांतील वडील स्वार म्हणाला, "ठाऊक होती महाराज. निशाणही दिसले. पण सरकारी घोड्यापुढे जाणे नाही, आणि तो डावीकडे जात असता आपण उजवीकडे जावे हे पुढे जाण्याहून वाईट दिसले असते." बाकीच्यांनी माना हलविल्या. मग हुजूर बाईंस म्हणाले, "तुम्ही एकट्याच शहाण्या निघालात." बाई म्हणाल्या, "नाही महाराज. मागे पडले म्हणून. त्यांच्यात असते तर मीही तिकडेच वळले असते."

तेव्हा गमाजीपंत पुढे झाले आणि काय बोलिले ते ऐका. म्हणाले, "सरकारी घोडा चुकत नाही. निशाणे चुकीच्या जागी लागली होती." आणि तत्काळ माणसे पाठविली, आणि आमच्या डोळ्यांदेखत उजवीकडली निशाणे उपटून डावीकडे रोविली, आणि धाक देऊन पंचांकडून लिहून घेतले की कवड्या वाट चुकला, सबब बाद. बाईंच्या अंगावर जिंकल्याची म्हणून नुकतीच घातलेली शाल परत मागितली. भरदिवसा, हजारो लोकांदेखत. आम्हास वाटले, बाई आता आकांत करतील.

बाईंनी शालीची घडी घालून स्वतःच दिली, मुजरा केला, आणि म्हणाल्या, "मान्य आहे महाराज. रानदौड विजयध्वजाने जिंकली. फक्त एक विचारते. सरकारचा घोडा जी शर्यत जिंकला ती रिकामा खटाटोप म्हणून बंद केली, तर तो जिंकला काय म्हणायचा?" हुजुरांनी दिवाणांकडे पाहिले, मग चिखलाने माखलेल्या कवड्याकडे बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "रानदौड दरसाल होईल." बाई तोवर नीट उभ्या होत्या. हे ऐकिले आणि घोड्याच्या मानेत तोंड घालून रडू लागल्या.

पुढील साली विजयध्वज आला नाही, कवड्या आला. बाभळीपाशी दुसऱ्या वेळेस पोहोचताच तो आपला उजवीकडे बांधाकडे वळू लागला. बाईंनी लगाम ओढिला, तो ऐकेना, मग वाकून त्याच्या कानाशी काही बोलिल्या आणि त्यास डावीकडे नेले. तो तिसरा आला.

एवंच, शर्यत राहिली, कवड्या वरातीस गेला नाही, शाल हुजूरपागेत टांगली आहे. निशाणे अद्याप चुकीच्या जागी आहेत, आणि हे ठाऊक नाही असा मनुष्य त्या राज्यी नाही. घोड्यास मात्र अजून पटत नाही. पाहिले तसे लिहिले.